पहिल्या वर्षी नुसती पानं

मी सॅन्टन, गिरीज गावचा वाडीवाला, बागायतदार. केळी आणि वांगी सोडून मला झाडांतलं फारसं कळत नाही, पण सगळं कळतं असं वाटतं, हीच माझी खोड. म्हणून बावन्न साली माझ्या बायकोने, मटिल्डाने, विहिरीच्या पाटाकडेची भर उन्हाची पट्टी फुलांसाठी मागितली तेव्हा माझं टाळकं सरकलं.

कारण मात्र माझ्याही जिवाजवळचं होतं. आमची लेक हेलन विषमज्वरातून उठली, तर मरियामाउलीला तिच्या शेल्यासारखी निळी फुलं वाहीन, असा मटिल्डाचा नवस होता. पहिलं फुलेल त्या झाडाचं एकही फूल राखणार नाही, असंही ती बोलून बसली होती. हेलन उठली. गोकर्ण वाहा म्हटलं, तर ती जांभळट दिसते म्हणून बाईसाहेबांनी नाक मुरडलं. मायदेशी परतणाऱ्या सिस्टर पॉलिनने दिलेलं निळ्या फुलांचं चिमूटभर बी तिने पेरलं. सहा रोपं जगली.

हिवाळा सरत आला तरी नुसती पानं. एका रविवारी ती चर्चमध्ये मिस्साला गेली असताना मी पाच रोपं उपटून म्हशीला घातली. सहाव्याला हात घालतो तोच ती आली. ओरडली नाही, त्यामुळे मला जास्तच लाज वाटली.

"केळ किती वेळा विते?" तिने विचारलं.

"एकदाच. मग मरते."

"हे पण तसंच हाय. पहिल्या वर्षी पानं, दुसऱ्या वर्षी फुलं."

पावसाळाभर त्या एकट्या रोपावर झावळ्यांचं छप्पर मीच राखलं. चोपन्नच्या फेब्रुवारीत त्याला नऊ निळ्या घंटा लटकल्या. शेजारचा श्रीपत विळा हातात धरून बघतच राहिला.

पण सगळी खुडली तर बी धरणार नव्हतं, आणि झाड तर मरणारच होतं. माझ्या पराक्रमामुळे दुसरं झाडही उरलं नव्हतं. दोन फुलं राख, माउली समजून घेईल, असं मी सुचवलं. मटिल्डाने नकारार्थी मान हलवली आणि ती घरात गेली.

ती आली ती घरच्या अल्तारावरची माउलीची जड मूर्ती दोन्ही हातांनी छातीशी धरून. अख्खी वाडी तुडवत आली आणि मूर्ती तिने त्या झाडाच्या बुंध्याशी ठेवली.

"आता सांगा," ती धापा टाकत म्हणाली, "झाडावरच सगळी वाहिली माउलीला. एक तरी फूल राखलं का मी?"

मी गुडघे टेकले. बायकोचा इतका अभिमान वाटत होता की माउलीपुढे काय बोलायचं तेच सुचेना.