अंगणातले सोफे

“अहो, आडवा करा, आडवा! दार काय तुमच्यासाठी रुंद होणार आहे?”

एस्नार्तने ओरडून सांगितलं तेव्हा कुठे बाजारातून बोलावलेल्या दोन हमालांनी मोठा सोफा कलता केला आणि चौकटीचा टवका उडवत एकदाचा बाहेर काढला. त्यामागून दोन खुर्च्या निघाल्या, काचेचं कपाट निघालं, टीव्ही निघाला. मागच्या अंगणात भाजीचे वाफे, म्हणून सगळं पुढच्याच अंगणात, फाटकासमोर मांडलं. हमाल गेले. बैठकीची खोली रिकामी झाली आणि एस्नार्तने डोक्याला फडकं गुंडाळून रंगाचा डबा उघडला.

वीर दिनाचा सोमवार, ऐक्य दिनाचा मंगळवार आणि त्याआधी शनिवार-रविवार, अशी सलग चार दिवसांची सुट्टी. लुआन्श्याच्या बसस्थानकात तिकीट खिडकीवर तिची एकोणीस वर्षं गेली, पण जुलैतली ही सुट्टी तिने कधी चाखली नव्हती. लोकांची सुट्टी म्हणजे खिडकीवर झुंबड. यंदा मात्र तिने साहेबांना सांगून टाकलं, “मी येणार नाही. आणि का ते विचारू नका.” राजधानीतून, लुसाकाहून लेकीचा, चोलाचा फोन आला होता, “आई, चार दिवस पाय पसरून बस गं जरा.” बसणारच होती ती. दोन दिवस रंग, दोन दिवस आराम, आणि बुधवारी किटवेच्या दवाखान्यातून नवरा, फिडेलिस, घरी.

घरी सोडतायत म्हणून तो खुशीत होता. खाणीत सत्तावीस वर्षं काढलेला माणूस, आता छाती सुधारली असं धरून चालला होता. पण गुरुवारी डॉक्टरांनी एस्नार्तला व्हरांड्यात नेऊन वेगळंच सांगितलं होतं. “घरी न्या त्यांना. आता आमच्या हातात काही नाही. दोन महिने. फार तर तीन.”

हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. चोलाला नाही, दिराला नाही, फिडेलिसला तर नाहीच. सांगितलं की संपलंच! सगळी गल्ली येऊन त्याच्या उशाशी बसणार, हळू आवाजात बोलणार, जिवंत माणसाकडे गेलेल्याकडे बघावं तसं बघणार. ते तिला नको होतं. दोन तर दोन महिने, पण त्याने भाजीत मीठ कमी म्हणून कुरकुर करावी, फुटबॉलवरून भांडावं, घरधन्यासारखं राहावं. रंगसुद्धा त्यानेच निवडला होता, पिवळा. “खाणीत काळोख पुष्कळ बघितला,” म्हणाला होता.

एक भिंत होत आली तेवढ्यात फाटकाशी कुणीतरी हंबरडा फोडला.

“माझ्या लेकराऽऽ! फिडेलिस रे, असा कसा गेलास रेऽऽ!”

दोन घरं पलीकडच्या दोरिका आजी होत्या. अनवाणी, कमरेला चितेंगेचं छापील कापड घट्ट आवळलेलं, दोन्ही हात डोक्यावर. मागे पाच-सहा बायका, त्याही रडत. एस्नार्त स्टुलावर उभी, हातात कुंचला. वीज पहाटेपासून गेलेली. तिचा फोन कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे चार्जिंगला. दवाखान्याने फोन केला असणार आणि तो न्हाव्यानेच घेतला असणार. सगळ्या गावाला कळलं, आणि मी इथे भिंती रंगवतेय.

ती स्टुलावरून उतरली ती जवळजवळ पडलीच. बायकांनी तिला धरून खाली बसवलं.

“कधी?” तिने विचारलं.

“आत्ताच कळलं गं बाई, आत्ताच,” दोरिका आजी म्हणाल्या आणि तिचं डोकं छातीशी घेऊन पुन्हा रडू लागल्या.

बायका भिंतीला टेकून रांगेने बसल्या. ओल्या रंगाने एकीची पाठ पिवळी झाली, पण तिला त्याचं भान नव्हतं. एस्नार्तच्या डोळ्यांतून पाणी येईना, राग तेवढा येत होता. बुधवारी येणार होता हा माणूस! चार दिवस दम निघाला नाही? आणि मरणाने तरी दिलेला शब्द पाळू नये? दोन महिने म्हणाले होते, दोन महिने! बाहेर पुरुषांची कुजबुज सुरू झाली, कुणीतरी लाकडं आपटली, धूर आत आला. मयताच्या घरी पेटवतात ती शेकोटी आपल्या अंगणात पेटली हे तिला कळलं, आणि मग तिला तिथे बसवेना.

इतक्यात फिडेलिसचा धाकटा भाऊ पास्कल आत आला. डोळे लाल झाले होते.

“वहिनी, मी काय परका होतो? सख्ख्या भावाचं मला रस्त्यावरून जाताना सोफे बघून कळावं?”

एस्नार्तने मान वर केली.

“सोफे बघून?”

“मग काय तर! सांगितलंत का कुणी?”

“भावजी, तुम्हाला दवाखान्यातून फोन नाही आला?”

“मला? तुम्हाला आला ना?”

एकेक करून रडणाऱ्या बायका गप्प झाल्या. या गल्लीत बैठकीचं सामान अंगणात आलं की काय समजायचं, हे लहान पोरालाही ठाऊक. शोकाला आलेल्यांनी जमिनीवर बसायचं, म्हणून आधी सोफे बाहेर. एस्नार्तने स्वतः किती घरांचे सोफे काढले असतील! आणि आज स्वतःचे काढताना तिच्या डोक्यात पिवळ्या रंगापलीकडे काही आलंच नव्हतं.

“लावा फोन,” ती म्हणाली. “त्यांनाच लावा!”

पास्कलने नंबर लावला. घंटा वाजली, वाजत राहिली, बंद झाली. कुणी उचलला नाही. एका बाईने पदरासारखं चितेंगेचं टोक तोंडात कोंबलं.

“परत लावा.”

पुन्हा घंटा. एस्नार्तने पास्कलचं मनगट इतकं घट्ट धरलं की त्याने ओठ चावला. मग खोकला ऐकू आला. लांबलचक, ओळखीचा.

“काय रे पास्कल? तोंड धूत होतो. आणि गोंगाट कसला, लग्न काढलंस की काय कुणाचं?”

एस्नार्तने फोन हिसकावून घेतला. “मी आहे. काही नाही, रंग चाललाय घरात.”

“पिवळाच ना?”

“पिवळाच.”

“दोन हात दे गं. एका हातात खालची ओल दिसते.”

“देते,” ती म्हणाली, आणि तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.

मग जो हशा उठला तो विचारू नका. बायकांनी तिला पाठीत धपाटे घातले. “अगं बये, रंगच द्यायचा होता तर फाटकावर उभं राहून बोंब मारायची! माझे अश्रू परत दे!” पिवळ्या पाठीच्या बाईला फिरवून फिरवून सगळ्यांना दाखवलं. रडायला आलेल्या बायकांनी मग पदर खोचावा तशी चितेंगे खोचली आणि कुंचले मागितले. शोकाच्या शेकोटीवर मक्याच्या पिठाच्या न्शिमाचं मोठं पातेलं चढलं. एस्नार्तला कुणी कशाला हात लावू देईना.

हसल्या नाहीत त्या एकट्या दोरिका आजी. मागच्या वाफ्यांशी हात धुताना त्यांनी एस्नार्तला गाठलं.

“तू ‘काय झालं’ असं नाही विचारलंस,” त्या हळूच म्हणाल्या. “नवरा बरा होऊन येतोय अशी बाई आधी तेच विचारते. तू ‘कधी’ विचारलंस.”

एस्नार्त मान खाली घालून नखातला रंग काढत राहिली.

“कुणाला बोलू नका, आजी. त्यांनाही माहीत नाही.”

“मी कशाला बोलू?” आजी म्हणाल्या. “किती दिवस?”

“दोन महिने म्हणतात.”

आजींनी तिचे ओले हात आपल्या कपड्याला पुसले आणि दोघी पुढे आल्या.

रविवारी दुपारपर्यंत रंग वाळला. पास्कल आणि शेजारचे दोघे सामान आत न्यायला आले. खोली उजळ दिसत होती. अजून दोन दिवस सुट्टीचे बाकी होते.

“मोठा सोफा नेहमीच्या जागी, आतल्या भिंतीला ना?” पास्कलने विचारलं.

“नको. दाराजवळ ठेवा.”

“दाराजवळ? वहिनी, जुलैचा वारा! दादाच्या छातीला...”

“तिथून त्यांना रस्ता दिसेल,” एस्नार्त म्हणाली. ते खोटं नव्हतं. पण बोलताना तिची नजर काल सोफा निघताना उडालेल्या चौकटीच्या टवक्यावर होती, आणि पास्कल अजून तोंडाकडे बघत उभा होता.

दोरिका आजींनी वाकून सोफ्याचं एक टोक धरलं आणि दाराकडे ओढलं.