धाकट्या जावेची ट्यूब

मी संशयी आहे असं घरात सगळेच म्हणतात. म्हणू देत. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

पार्लर आम्हा दोघी जावांचं, मी थोरली. दिवसभर गिऱ्हाइकांची डोकी धुवायची, त्यामुळे हात कायम ओले. माझ्या मधल्या बोटाशेजारच्या बेचक्यात कातडी पांढरी, भिजल्यासारखी झाली, मग चिरली. खाज अशी की कंगवा घालून खाजवावंसं वाटे. धाकटीने न विचारताच पर्समधून एक ट्यूब काढून दिली. खाज लगेच थांबली, आणि मग सगळं शेजारच्या बोटांवर पसरलं.

तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. असे हात पाहून कोण माझ्यापुढे डोकं देईल? बेसिन आपोआप धाकटीचं. मी दिवसभर रबरी हातमोजे घालून हात झाकू लागले. हल्ली तीही मोजे काढत नव्हती. मला वेडावून दाखवतेय, असंच मी धरून चालले.

शेवटी गुपचूप त्वचेच्या डॉक्टरीणबाई गाठल्या. त्यांनी कातडी खरवडून काचपट्टीवर पाहिली. यीस्ट आहे म्हणाल्या, ओलाव्यात वाढणारी बुरशी. ट्यूब पाहून मात्र त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यातलं स्टिरॉइड खाज दाबतं आणि बुरशीला रान मोकळं करून देतं. ओल्या हातांवर रबर चढवून मीही त्या बुरशीची चांगलीच बडदास्त ठेवली होती. त्यांनी वेगळं मलम दिलं. बेचकी कोरडी ठेवायची, रबराच्या आत सुती मोजे घालायचे, आणि बरं दिसलं तरी त्या सांगेपर्यंत मलम सोडायचं नाही.

म्हणजे हिनेच केलं. मी तरातरा पार्लरमध्ये गेले, दार लावलं आणि ट्यूब तिच्यापुढे आपटली.

तिने हातमोजे उतरवले. माझी दोन बेचकी गेली होती. तिची सगळीच सोलली होती, नखांच्या कडा सुजून आल्या होत्या. तिच्या पर्समधून तसलीच दुसरी ट्यूब निघाली, पिळून पिळून चपटी झालेली.

"आधी मलाच झालं, ताई," ती म्हणाली. "मी हेच लावतेय. वाटलं, तुम्हाला तरी गुण येईल."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही मला बेसिनवरून उठवलं असतं."

छे गं, असं म्हणायला मी तोंड उघडलं, पण ते खोटं झालं असतं. उठवलं असतं. त्याच दिवशी.