मागे सरणारी

मित्रांनो, मी एक म्हातारी झारिगानी आहे. निम्मी कोळंबी, निम्मा खेकडा, लांबीला तुमच्या बोटाएवढी. जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर, डोंगरातल्या एका ओढ्यात, थंडगार दगडाखाली माझा जन्म झाला. मागे सरणारा खेकडा, असा आमच्या नावाचा अर्थ सांगतात. संकट दिसले की शेपटी आपटायची आणि मागच्या मागे पसार व्हायचे, एवढेच आमच्या घराण्याचे शहाणपण. आठ वर्षे ते मला पुरले. कुजकी पाने खाल्ली, कितीदा कात टाकली. ओढ्याजवळच्या घरातले सेइकिची आजोबा ओंजळीने पाणी पिताना आमच्याकडे बघून म्हणायचे, "या आहेत ना, मग पाणी चांगलंच असणार." तेव्हा मला कोण अभिमान वाटे!

यंदा बर्फ वितळला तेव्हा माझ्या शेपटीखाली चाळीस अंडी होती. आजोबांच्या नातीने, रिंकोने, माझा दगड उचलला. मी मागे सरले ती थेट तिच्या जाळीत.

काचेच्या टाकीत मला चैन पडेना. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नुसत्या येरझाऱ्या. पोरीला वाटले, हिला एकटेपणा खातोय. मग तिने तळ्यावरून जेवणाच्या डब्यात लपवून एक दांडगी झारिगानी आणली. "ही बघ तुझी मावशी!"

मावशी कसली! माझ्या तिप्पट आकाराची, नांगीवर पांढरा डाग, परदेशातून आणून तळ्यात सोडलेल्यांच्या कुळातली. आल्या आल्या तिने माझा कोपरा बळकावला.

माझी तगमग वाढली. दोन दिवसांनी रिंकोला दया आली आणि ती मला बादलीतून ओढ्यावर घेऊन आली. मी तिच्या तळहातावर, पुढे माझा ओढा, मागे बादली. बर्फाच्या पाण्याचा वास आला आणि माझा जीव वेडापिसा झाला.

"थांब! सोडू नकोस!" आजोबा धापा टाकत आले. "टाकीतली ती धटिंगण कुणी आणली?"

"मी. हिची मावशी आहे ती."

"अगं बये, मावशी नाही, काळ आहे! तिच्या अंगावर बुरशी असते. तिला काही होत नाही, आपल्या मरतात. पलीकडच्या ओढ्यात कुणी तसली एक सोडली, आता तिथं दगड उचलून बघ. एक नाही उरली."

"पण हिला काही झालेलं नाही ना!"

"नसेल. असेलही. ओढ्यात सोडून बघायचं का?"

"आजोबा, मी हिला हिच्या घरीच सोडत होते हो," म्हणत रिंको रडू लागली. तिची बोटे सैल झाली.

एक उडी, की घर. पण त्या दगडांखाली माझ्या बहिणी होत्या, भाच्या होत्या. मी शेपटी आपटली, मागे सरले आणि बादलीत पडले.

आजोबांनी ते पाणी ओढ्यात सांडू दिले नाही. जाळी उकळत्या पाण्यात घातली. मावशीचे विचारू नका. त्या संध्याकाळी घरात रस्सा झाला होता.

मित्रांनो, दगड खुशाल उचला, आम्हाला बघा, आणि दगड होता तसा ठेवा. घरी नेऊ नका. नेलेच, तर परत सोडू नका.

मी अजून काचेशी येरझाऱ्या घालते आहे. काल एका अंड्यात दोन काळे डोळे दिसले. या पिल्लांना ओढा कसा असतो हे कसे सांगू, एवढीच आता तळमळ आहे.