जागा राखणारं बटण

मी पितळेचं बटण बोलतंय. बटणाला कसलं आलंय आयुष्य, असं म्हणून हसू नका. अर्धा जन्म मी रेल्वेच्या गार्डच्या कोटावर काढला आणि उरलेला गोल्फच्या मैदानावर. दोन्हीकडे ताठ मानेनं.

आमचे गार्डसाहेब डबे, दारं, दिवे सगळं नजरेखालून गेल्याशिवाय हिरवा झेंडा दाखवत नसत. ड्रायव्हर कुरकुरायचा. साहेब ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

साहेब निवृत्त झाल्यावर त्यांच्या बायको, आमच्या काकू, म्हणाल्या, "घरात येरझाऱ्या घालून फरशी झिजवण्यापेक्षा बाहेर जाऊन चाला." साहेब चालत चालत गोल्फ शिकले. जुना कोट टाकताना त्यांनी मला आणि माझ्या शेजाऱ्याला कापून घेतलं आणि पाठीवरची कडी कानशीनं घासून काढली. दुखलं, पण सपाट झालं.

माझं काम सांगतं. भोकाभोवती अगदी बारीक कापलेली हिरवळ असते. तिथं चेंडू उचलून पुसता येतो, पण आधी त्याच्या मागे खूण ठेवावी लागते. ती खूण म्हणजे मी. चेंडू पुसून परत माझ्यापुढे, होता तिथंच ठेवायचा, मग मला उचलायचं. काही महाभाग खूण ठेवताना बोटभर पुढे सरकतात आणि चेंडू ठेवताना आणखी बोटभर. चारदा पुसला तर चेंडू आपल्या पायांनी भोकात जायचा. साहेबांनी असं कधी केलं नाही. दुसऱ्याच्या चेंडूच्या वाटेवर पायही देत नसत. गुडघा दुखत असला तरी वळसा घालून जात.

तो गुडघा शेवटी ऑपरेशनवर आला. त्याआधीची वार्षिक स्पर्धा ही साहेबांची शेवटचीच होती. क्लबातल्या विजेत्यांच्या पाटीवर त्यांचं नाव एकदाही लागलं नव्हतं. सात वेळा ते दुसरे आले होते.

या खेपेला शेवटच्या हिरवळीवर दोघंच बरोबरीत होते, साहेब आणि दातांची एक तरुण डॉक्टरीण. तिनं खिसे चाचपले. "काका, माझी खूण कुठंतरी पडली."

"हे घ्या, माझ्याकडे दुसरं आहे," म्हणत साहेबांनी मला तिच्या हातावर ठेवलं.

मी तिच्या चेंडूमागे बसलं आणि नेमकं साहेबांच्या वाटेत आलं. "डॉक्टर, जरा बाजूला घ्याल?" तिनं पटर, म्हणजे हिरवळीवर चेंडू ढकलायची काठी, आडवा धरून त्याच्या डोक्याएवढ्या अंतरावर मला सरकवलं. साहेबांचा चेंडू भोकाच्या कडेला थांबला. दुसऱ्या टोल्यात त्यांनी तो आत घातला.

आता तिनं एका टोल्यात चेंडू आत घातला की ती जिंकणार. पण मला परत मूळ जागी न्यायला ती विसरली. चेंडू तिनं सरकवलेल्या जागीच माझ्यापुढे ठेवला. चुकीच्या जागेवरून खेळली की दोन टोल्यांचा दंड. म्हणजे साहेब जिंकलेच.

मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग लांब बाकावर बसलेल्या काकूंकडे. ओठ मिटलेले. डॉक्टरणीची बोटं मला उचलायला खाली आली.

"थांबा," साहेब म्हणाले. "बटण परत सरकवायचं राहिलंय."

ती पांढरीफटक पडली. पटर लावून तिनं मला जागेवर आणलं, चेंडू ठेवला आणि एका टोल्यात आत घातला. साहेबांनी टोपी काढून तिचा हात हातात घेतला.

काकू उठून आल्या. "पुन्हा दुसरेच?"

"हो."

"गप्प राहिला असतात तर?"

"राहिलो होतो थोडा वेळ," साहेब हळूच म्हणाले. "तेवढंच मनाला लागलंय."

काकू साहेबांची काठ्यांची जड पिशवी स्वतःच्या खांद्याला लावून पुढे चालू लागल्या.

मला परत घ्यायला साहेब तयार झाले नाहीत. आता मी डॉक्टरणीच्या खिशात असतं. घासून घासून माझ्यावरची नक्षी पुसली गेली आहे, पण कुणी विचारलं की ती सांगते, "हे गार्डसाहेबांचं." तेव्हा मी नव्या पितळेसारखं चमकतं.

कधी हिरवळीवर आलात तर दुसऱ्याच्या वाटेवर पाय देऊ नका. खूण सरकवलीत तर परत आणायला विसरू नका. आणि विसरलातच, तर समोर आमच्या साहेबांसारखा माणूस असो.