बोलण्याची रांग

थेरपिस्ट बाईंचा फोन मी ऑफिसच्या जिन्यातच घेतला. त्या म्हणाल्या, "तुमचे सासरे अर्धेच शब्द बोलतायत, पुढे सरकत नाहीयेत. परवाचा वर्ग बघते, नाहीतर बोलण्याचा सराव थांबवू. चित्रांचा तक्ता देते. काय हवं ते बोट दाखवून सांगतील." आवाज गोड होता. अण्णांनी आयुष्यभर कोर्टाच्या दारात उभं राहून पक्षकारांच्या नावांचा पुकारा केला. त्यांची हाक ऐकून रस्त्यापलीकडे चहा पीत बसलेले वकील कप टाकून धावायचे. त्या माणसाने आता तक्त्यावर बोट ठेवून पाणी मागायचं?

अर्धांगवायूचा झटका आल्यापासून अण्णांनी घरात तोंड उघडलं नव्हतं. ओठ जरा वाकडे झालेले, आवाज घोगरा, आणि स्वभाव मुळातच मानी. टॅबवरचा वर्गसुद्धा दार लावून, कॅमेरा बंद ठेवून. त्यामुळे त्यांचं बोलणं जगात एकट्या त्या बाईंनाच ऐकू येत होतं, तेही आमच्या वायफायच्या मेहरबानीने.

दुसऱ्या दिवशी मी घरूनच काम करत होते. वाळलेले कपडे घेऊन त्यांच्या खोलीवरून जाताना आतून आवाज आला, "खि... डकी." सावकाश, पण अख्खा शब्द. मी जागीच थबकले.

टॅबमधून बाई म्हणाल्या, "छान, 'खि' आलं. आता पुढचं म्हणा."

अण्णा पुन्हा म्हणाले, "खिडकी."

"पुढचं म्हणा बरं."

तिसऱ्या वेळी ते जवळजवळ ओरडले. बाई तितक्याच मायेने म्हणाल्या, "दमलात का? राहू दे आज." कपडे छातीशी धरून मी तिथेच उभी राहिले. इतका राग आला होता की रडूही येईना.

बाईंना लगेच फोन लावून सांगितलं, अण्णा अख्खा शब्द म्हणाले. "घरच्यांना आशेपोटी जास्तच ऐकू येतं हो," त्या म्हणाल्या. "मला जे ऐकू येतं त्यावरच मला ठरवावं लागतं." त्यांचं तरी काय चुकलं? अण्णांचं बोलणं मुळात तुटक, त्यात वायफायच्या वाटेत गळालेली अक्षरं कोणाच्या लक्षात येणार?

ती वाटेत का गळतात हे शोधणं मात्र माझ्या पोटापाण्याचा धंदा. मी ऑफिसांना वायफाय लावून देते. आमच्या पॅसेजच्या छतालाही वायफाय पसरवणारी ती पांढरी डबी आहे, ॲक्सेस पॉइंट. तिच्यात चार रांगा असतात आणि घरातला कुठला डेटा कुठल्या रांगेत उभा राहील याचे नियम आपण लिहायचे. पहिली रांग बोलण्याची. तिथे थांबणं परवडत नाही, कारण उशिरा पोचलेलं अक्षर सरळ फेकून दिलं जातं. शेवटची रांग निवांत जाणाऱ्यांची. मी नियम उघडले आणि कपाळावर हात मारला. पहिल्या रांगेत अख्खं घर. नवऱ्याचे सतत अपलोड होणारे व्हिडिओ, नणंदेचा लॅपटॉप, टीव्ही, दारावरचा कॅमेरा, आणि त्या रेटारेटीत कुठेतरी अण्णांचा टॅब. ही सासूबाईंची कृपा. डबी लावली तेव्हा जो तो "माझं जरा पुढे घे" म्हणत आला होता, आणि त्यांनी फर्मान काढलं होतं, "कुणाला मागे ठेवू नकोस. आपल्या घरात पंक्तिप्रपंच नाही." त्यांच्या तोंडी कोण लागणार? सगळे मानकरी झाले.

अण्णा खोलीतच जेवतात. म्हणून रात्रीच्या जेवणाला मी विषय काढला. "आजपासून पहिल्या रांगेत फक्त अण्णांचं बोलणं. बाकी सगळे मागे."

"अगं, माझं काम अडेल," नवरा म्हणाला.

"तुझे व्हिडिओ उशिरा पोचतील, पण पोचतील. अण्णांचा शब्द पोचतच नाहीये."

सासूबाईंचा वाढता हात थांबला. "म्हणजे, ते बोलतात?"

"अख्खे शब्द बोलतात, आई. मी ऐकलंय."

त्यांनी हातातला डाव खाली ठेवला. मग म्हणाल्या, "माझा टीव्ही पार शेवटी टाक." त्यावर नाही म्हणायची नणंदेची काय बिशाद होती? जेवण होताच मी जुने नियम पुसले आणि नवे लिहिले.

सकाळी अण्णांनी टॅब पालथा घालून ठेवला होता. बसायचंच नव्हतं त्यांना. मी समोर खुर्ची ओढली. "अण्णा, चूक तुमची नव्हती, आमच्या डबीची होती. मी दाराबाहेरून 'खिडकी' ऐकलं. रागवायचं तर रागवा, पण आज एकदा बसा." शेवटी त्यांनी टॅब सुलटा केला. मी लॅपटॉप उघडून बाजूला बसले, तरी मला बाहेर जायची खूण केली नाही.

"म्हणा, खिडकी," बाई म्हणाल्या.

अण्णा म्हणाले. टॅबमधून काहीच उत्तर आलं नाही. त्यांचा चेहरा उतरला. मी घाईघाईने लॅपटॉपवर डबीचे आकडे पाहिले. त्यांच्या आवाजाचा एकही तुकडा गळाला नव्हता. नवऱ्याचे व्हिडिओ मुकाट मागे उभे होते.

"थांबा," बाई म्हणाल्या. "पुन्हा म्हणा."

"खिडकी."

"उशी? चमचा? दरवाजा?" त्यांचा तो समजुतीचा सूर कुठल्या कुठे गेला होता. एकामागून एक शब्द विचारत होत्या आणि अण्णा अडखळत, घाम पुसत, एकेक पुरा करत होते. "तक्ता राहू दे," त्या शेवटी म्हणाल्या. "सोमवारपासून आपण वाक्यं घेऊ."

सोमवारपर्यंत थांबायला अण्णा तयार नव्हते. ते टॅबवर वाकले. बाईंनी न दिलेले शब्द जुळवायला त्यांना फार वेळ लागला.

"ऐकू... आलं?"

"आलं, अण्णा," बाई म्हणाल्या. "सगळं ऐकू आलं."