फाजील वीज

वादळात दरड कोसळून विजेचे खांब आणि रस्ता दोन्ही गेले, तेव्हा भाचीचं औषध मामाच्या वर्कशॉपमधल्या फ्रीझरमध्ये होतं. तिच्याच रक्तातल्या पेशींपासून केलेलं, एकुलतं एक. पुन्हा करायचं तर पोरीच्या अंगात तेवढी ताकदच उरली नव्हती. इस्पितळातला फ्रीझर बंद पडला तेव्हा ताईनेच छातीठोकपणे सांगितलं होतं, "माझ्या भावाकडे ठेवा." आता न्यायला गाडी यायची ती रस्ता मोकळा झाल्यावर, उद्या सकाळी. तोवर औषध वितळलं की सगळं पाण्यात.

ज्या इंजिनापायी मामाने वर्षानुवर्षं बायकोचे टोमणे खाल्ले, ते अखेर कामाला आलं. बंद नळकांड्यात हेलियम वायू भरलेला. एक टोक तापवायचं, दुसरं गार ठेवायचं, की आतला दट्ट्या मागेपुढे धावून वीज करतो. तेल नको, चाक नको, कुठे घासणं नाही. फ्रीझरमधलं यंत्र म्हणजे त्याचाच उलट्या डोक्याचा भाऊ, वीज दिली की थंडी करणारा. मामाने शेगडी पेटवली, इंजिन गुणगुणू लागलं, फ्रीझरचा आकडा उतरला. ताई भिंतीला टेकून रडली आणि मग शेजारच्या खोलीत पोरीजवळ जाऊन बसली.

इंजिन फ्रीझरच्या भुकेपेक्षा जास्त वीज करायचं. ती फाजील वीज आवरणारं कार्ड वादळात जळालं होतं, म्हणून मामाने ती खायला चार मोठे दिवे जोडले होते. भर दुपारी ते लखलखत होते.

गॅस संपत आला. दुसरा सिलिंडर कोपऱ्यावरच्या दुकानात होता.

"भाऊजी, तेवढी ज्योतीवर नजर ठेवा," मामा म्हणाला आणि धावला.

भाऊजी, ताईचे यजमान, म्हणजे सरळमार्गी माणूस. पाहुणा खोलीतून उठायच्या आत त्याच्या डोक्यावरचा पंखा बंद करणारे. घरात सगळे त्यावरून त्यांची चेष्टा करायचे.

मामा सिलिंडर खांद्यावर घेऊन परतला तर आतून ठाण् ठाण् आवाज येत होता. आत शिरेपर्यंत तोही थांबला. दिवे विझलेले होते. दिव्यांचं ओझं सुटलेला दट्ट्या बेफाम धावून टोकावर आदळला होता आणि आतल्या लोहचुंबकाचे तुकडे झाले होते. हलवलं की ते खुळखुळत होते. फ्रीझर गप्प होता. आतली थंडी संध्याकाळपर्यंत तग धरणार होती, सकाळपर्यंत नाही.

भाऊजींचा हात अजून दिव्यांच्या बटणावर होता.

"मी म्हटलं, तेवढीच वीज पोरीच्या औषधाला होईल. माझ्यामुळे झालं का हो?"

दिव्यांना हात लावू नका, एवढं मामाने जाताना सांगायला हवं होतं, एक वाक्य तर होतं. पण आता खरं सांगितलं तर हा बाप उभ्या जन्मात स्वतःला माफ करणार नाही.

"छे! दिव्यांचा काय संबंध? माझंच वेल्डिंग कच्चं होतं."

दारात ताई उभी होती. तिने पुढे होऊन मामाच्या थोबाडीत मारली. भाऊजींनी तिला आवरलं नाही. आयुष्यात कधी आवाज न चढवलेला तो माणूस कापऱ्या आवाजात म्हणाला, "माझी पोर तुमच्या खेळण्याच्या भरवशावर ठेवली आम्ही. चालते व्हा इथून."

वर्कशॉप मामाचंच होतं. तो मुकाट्याने बाहेर पडला.