पाच वर्षांनंतरची मान

आमच्या डॉक्टरांचं तर्कशास्त्र सोपं होतं. जो पेशंट परत येत नाही, तो बरा. आला नाही म्हणजे तक्रार नाही आणि तक्रार नाही म्हणजे यश. असं बघितलं तर सगळ्यात जास्त यश स्मशानात मिळायला हवं, पण हे तोंडावर बोलायला मला नोकरी जड झाली नव्हती.

गळ्यातल्या थायरॉइडच्या साध्या, कॅन्सर नसलेल्या गाठी ते लेझरने जाळायचे. सुईतून आत बारीक तार, थोडा वेळ उष्णता, वर एक चिकटपट्टी, आणि पेशंट संध्याकाळी घरी. वर्षभरात गाठ निम्मी. उगाच नावं का ठेवा, काम खरंच छान होतं. फक्त काही गाठी पुढे पुन्हा वाढतात, म्हणून दरवर्षी सोनोग्राफी करायची असते. ती करायला कोण येतंय?

मोठ्या परिषदेत पाच वर्षांनंतरचे निष्कर्ष मांडायचं डॉक्टरांनी ठरवलं आणि चौकशीचं घोंगडं माझ्या गळ्यात आलं. मी दवाखान्यात रेकॉर्ड सांभाळते. दिवसा फोन कोणी उचलेना, म्हणून महिनाभर संध्याकाळी घरून फोन केले. एकशे बारा जणांना तेच प्रश्न. एक ड्रायव्हर म्हणाला, "गाठ ना? ते आमच्या बायकोला विचारा, तीच बघते."

एकशे तेरावं नाव माझ्या आत्याचं. चाकूचं नाव काढलं की ती अंथरूण धरायची, म्हणून लेझरला मीच तिला तयार केलं होतं. ती राहते माझ्याच घरी. रोज डोळ्यांसमोर असलेल्या माणसाला काय विचारायचं? मी 'ठणठणीत' या चौकटीत खूण केली आणि यादी संपवल्याच्या आनंदात चहा टाकला.

डॉक्टर खूश झाले. म्हणाले, "तुमच्या आत्याबाईंना आणा. शेवटच्या स्लाइडला ताजी सोनोग्राफी हवी." दवाखान्याच्या दाराशी आत्याच्याच मानेचे आधीचे आणि नंतरचे फोटो लावलेले होते. आमची हिरॉइनच ती.

आत्याने गळ्याचा रुमाल सोडला. दोन वर्षं तिला थंडी वाजते असं मी समजत होते, भर उन्हाळ्यातसुद्धा. डॉक्टर त्याच जागी पुन्हा पुन्हा मशीन फिरवत राहिले.

"पहिल्यापेक्षा मोठी झालीय," ते शेवटी म्हणाले. "श्वासनलिका ढकललीय. आधी आला असता तर कदाचित पुन्हा लेझरवर भागलं असतं. आता ऑपरेशनच."

आत्याने माझा हात घट्ट धरला. मला रागही आला आणि रडूही.

"आत्या, सांगितलं का नाहीस गं?"

"डॉक्टरांनी एवढ्या कौतुकाने फोटो लावलाय. कुठल्या तोंडाने सांगायचं?"

"मला तरी सांगायचंस!"

ती ओशाळून हसली.

"तू रोज परक्या माणसांना किती मायेने विचारायचीस, गिळताना अडकतं का, झोपल्यावर दम लागतो का. मी शेजारीच बसलेली असायचे. म्हटलं, येईल माझीही पाळी."